पामतेल घरातून काढायचं तर आधी ते किलोत मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरच्या एका ताईंची सातवीतली मुलगी शाळेतून ओरांगउटानबद्दल, म्हणजे पामतेलाच्या लागवडीसाठी ज्याचं जंगल तुटतं त्या वानराबद्दल, ऐकून आली आणि त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू पालथी करून मागचं बारीक अक्षर वाचते आहे. बिस्किटं, नूडल्स, साबण, शाम्पू, टूथपेस्ट, जिथे पाहावं तिथे पाम, नाहीतर पामचा संशय. आता तर तिने साबण लावणंच सोडलंय. ताई विचारतात, "पामतेल नसलेल्या वस्तूंची यादी मिळेल का? आणि खरं सांगा, आमच्या एका घराने बंद केल्याने तिकडे काही फरक पडतो का?"

ताई, मुलीला आधी साबण लावायला सांगा. बाकीचं सावकाश करू.

मी नागपूरच्याच लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आपल्या एलआयटीतून, तेल तंत्रज्ञान शिकले. अकरा वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या एका साबण कारखान्यात काढली. गेली सोळा वर्षं माझा स्वतःचा छोटा साबण उद्योग आहे आणि सोबत बेकरीवाले, फरसाणवाले यांना तेलाबाबत सल्ला देते. पामतेल इतकं पसरलं कारण कामाला ते फार चांगलं तेल आहे, हे आधीच कबूल करते. स्वस्त, लवकर खवट न होणारं, स्वतःचा वास नसलेलं, आणि आपल्या हवेत निम्मं घट्ट राहणारं. एवढे गुण एका तेलात क्वचितच सापडतात.

यादी मात्र देत नाही. कारण ती टिकत नाही. पामचा भाव चढला की कारखाने सोयाबीनकडे किंवा सूर्यफुलाकडे वळतात, उतरला की परत येतात. त्याच नावाच्या पुड्यावर उन्हाळ्यात एक तेल आणि दिवाळीत दुसरं, हे मी अनेकदा पाहिलंय. यादीच्या भरवशावर राहिलात तर सहा महिन्यांनी मुलगी पुन्हा रडवेली होईल.

तिच्या वाचनातून दोन गोष्टी सुटताहेत. लेबलवर नाव आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही. त्यामुळे चिमूटभर पाम असलेली टूथपेस्ट आणि पाव किलो पाम असलेला फरसाणाचा पुडा तिच्या वहीत एकाच ओळीत बसतात. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. नागपुरातल्या घरात येणाऱ्या पामतेलाचा बराच भाग असा आहे की त्याला लेबलच नसतं. बर्डीवर उभ्याने खाल्लेला समोसा, लग्नातल्या पुऱ्या, इतवारीतून किलोवर आणलेली शेव, कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी. लेबल वाचणारा माणूस कितीही काटेकोर असला तरी हे सगळं त्याच्या नजरेतून निसटतं.

म्हणून माझा सल्ला असा की आठवडाभर चष्म्याऐवजी वजनकाटा वापरा.

आकडे मांडून दाखवते. भारत जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आहे. गेल्या काही वर्षांतली आयात ७५ लाख ते एक कोटी टनांच्या दरम्यान राहिली आहे. १४० कोटी माणसांत वाटली तर माणशी वर्षाला पाच ते सात किलो येतं. चौघांच्या घराला पंचवीस किलो धरा, म्हणजे पंधरा किलोचे पावणेदोन डबे. तुमच्या घरात एवढंच येत असेल असं नाही. स्वयंपाकाचं तेल कोणतं, बाहेरचं खाणं किती, पाहुणारावळा किती, यावर ते ठरतं. पण अंदाज कसा बांधायचा ते बघा. शेव, चिवडा, चिप्स यांत वजनाच्या तीस ते चाळीस टक्के तेल असतं. महिन्याला दोन किलो फरसाण येत असेल आणि ते पामोलिनमध्ये, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागात, तळलेलं असेल तर वर्षाला आठ किलो पामतेल झालं. बिस्किटं, टोस्ट, खारी यांत पंधरा ते पंचवीस टक्के स्निग्धांश. महिन्याला तीन किलो धरले तर वर्षाला सहा-सात किलो. अंघोळीच्या साबणाच्या शंभर ग्रॅमच्या पहिल्या ग्रेडच्या वडीत किमान ७६ टक्के फॅटी मॅटर, म्हणजे तेलाचा अंश, असावं लागतं, आणि आपल्या बाजारात ते बहुतेक पाम आणि पामच्या गरातल्या बीचं असतं. महिन्याला पाच वड्या म्हणजे वर्षाला चार किलो.

आता शाम्पू. चौघांच्या घरात वर्षाला दोन लिटर. त्यात फेस आणणारा घटक दहा-बारा टक्के, आणि त्या घटकातही तेलापासून आलेला भाग निम्माच. सगळं मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम. टूथपेस्टमधून वर्षभरात वीस-पंचवीस ग्रॅम. कपडे धुण्याच्या पावडरीबद्दल तर बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. आपल्याकडच्या साध्या पावडरीचा मुख्य घटक म्हणजे कारखान्यांत जिला ॲसिड स्लरी म्हणतात ती, आणि ती खनिज तेलापासून बनते. तिचे नदीनाल्यांवर वेगळे परिणाम आहेत, पण ओरांगउटानच्या जंगलाशी तिचा संबंध नाही.

थोडक्यात, शाम्पूच्या बाटलीमागचं एकेक रसायन शोधण्यात मुलीचा जेवढा वेळ जातोय, त्यातून वर्षाला शंभर ग्रॅम वाचतील. महिन्याला एक किलो फरसाण कमी केलं किंवा वेगळ्या तेलातलं आणलं तर चार किलो.

आता तिकडे नेमकं काय घडतं ते, कारण त्यावरच पर्याय कोणता निवडायचा हे ठरतं. ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे जंगल. मलय भाषेतलं हे नाव. जंगलात ते आता बोर्निओ आणि सुमात्रा या दोनच बेटांवर उरलेत. प्रजाती तीन. त्यांतली तापानुली ही २०१७ मध्ये वेगळी म्हणून ओळखली गेली, आणि उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगराळ जंगलात तिचे आठशेहून कमी प्राणी आहेत. तिन्ही प्रजाती अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओने लाखाहून अधिक ओरांगउटान गमावले, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आपण पेंच-ताडोबाच्या शेजारची माणसं, त्यामुळे जंगलाचे तुकडे पडले की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. ब्रह्मपुरीकडच्या गावांत वाघ आणि माणूस समोरासमोर येतात तसंच तिथे होतं. जंगल तुटलं की भुकेला ओरांगउटान तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडांच्या, बागेत शिरतो, त्यांचे कोवळे कोंब खातो, आणि मग मारला जातो. आई मारून पिल्लू विकल्याचे प्रकारही होतात. पण वाघ आणि ओरांगउटान यांत एक फार मोठा फरक आहे. वाघीण दोन-तीन वर्षांनी विते आणि एका वेळी दोन-चार बछडे देते. संरक्षण मिळालं तर वाघांची संख्या सावरते, ते आपण पाहिलंय. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांनी एक पिल्लू देते आणि तेवढी वर्षं त्याला सांभाळते. एका भागातल्या चार-दोन माद्या गेल्या तर ती पोकळी आपल्या हयातीत भरत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

हेही सांगायला हवं की तिकडचं जंगल फक्त पामसाठी गेलेलं नाही. लाकूडतोड, कागदाच्या लगद्यासाठी लावलेली झाडं, खाणी, रस्ते आणि आगी. २०१५ च्या आगींत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. त्यातला मोठा भाग दलदलीच्या कुजट मातीचा होता. लागवडीसाठी चर खणून तिचं पाणी काढलेलं असतं, मग ती वाळते आणि महिनोन्‌महिने आतून धुमसत राहते. पाम हा या सगळ्यातला मोठा वाटेकरी आहे, एकटा नाही.

इथे बहुतेक लोक म्हणतात, मग पाम बंद करा आणि सोयाबीन घ्या. मी तसं सरसकट सांगत नाही, आणि त्याचं कारण जमिनीच्या हिशेबात आहे. तेलताडाची बाग हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास तेल देते. तुमच्या घराच्या पंचवीस किलोंना सत्तर चौरस मीटर जमीन लागली, म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढी. तेच पंचवीस किलो विदर्भातल्या सोयाबीनमधून काढा. एकरी चार-पाच क्विंटल उतारा आणि त्यात अठरा टक्के तेल, म्हणजे एकरी सत्तर ते नव्वद किलो. पंचवीस किलोंना एकराचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागला. सोयाबीनची ढेप जनावरांना जाते, तेव्हा सगळी जमीन तेलाच्या नावावर टाकणं बरोबर नाही. तरी फरक केवढा आहे ते दिसतं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ च्या अहवालातही हेच म्हटलंय, की पामऐवजी इतर तेलं घेतली तर नऊपटीपर्यंत जमीन लागू शकते, आणि मग नांगर दुसऱ्या कुठल्या जंगलात किंवा माळरानात शिरतो. ब्राझीलमध्ये सोयाबीनने ते करून दाखवलंय. तेलताडाच्या झाडाशी आपलं भांडण नाही. ते जिथे लावलं त्या जागेशी आहे.

मग घरात काय आणायचं? माझं उत्तर, ज्या तेलासाठी वेगळी जमीनच लागत नाही ते. अशी दोन तेलं आपल्या दाराशी आहेत. एक सरकीचं. कापूस रुईसाठी पिकवतात, जिनिंगमध्ये सरकी सुटतेच, तिचं तेल निघतं आणि ढेप गाई-म्हशींना जाते. दुसरं कोंड्याचं, ज्याला दुकानात राइस ब्रॅन म्हणतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे धान भरडलं की कोंडा निघतोच. या दोन्ही तेलांसाठी कुणी एक झाड जास्त तोडत नाही. आणि तळणाला ही दोन्ही उत्तम आहेत, हे मी कढईसमोर उभी राहून सांगते आहे. सरकीच्या तेलात पामितिक ॲसिड हा घट्ट, टिकाऊ घटक बऱ्यापैकी असतो, वीस-पंचवीस टक्के, त्यामुळे ते तापल्यावर लवकर बिघडत नाही. कोंड्याच्या तेलात ओरिझनॉल असतं, तेही तेलाला खवट होण्यापासून राखतं. सोयाबीनचं तसं नाही. त्यात लवकर बिघडणारं लिनोलेनिक ॲसिड असतं आणि तळलेला पदार्थ ठेवला की त्याला रंगासारखा, थोडा माशासारखा वास यायला लागतो.

सक्करदऱ्याच्या एका फरसाणवाल्या दादांसोबत मी हा प्रयोग केला होता. एकाच दिवशी, एकाच बेसनाची शेव तीन तेलांत तळली आणि सारख्या पिशव्यांत भरून ठेवली. सोयाबीनची तीन आठवड्यांत नाक मुरडायला लावणारी झाली. सरकीची दीड महिना छान होती. पामोलिनची त्याहून थोडी जास्त टिकली. दादा म्हणाले, "ताई, माझी शेव पंधरा दिवसांवर दुकानात राहतच नाही, मग मला दोन महिन्यांचा टिकाऊपणा काय कामाचा?" हा मुद्दा मला स्वतःला सुचला नव्हता. पामचा टिकाऊपणा दूर शहरात माल पाठवणाऱ्या कारखान्याला लागतो. गल्लीतल्या ताज्या फरसाणाला तो लागत नाही. दादांनी तेल बदललं. तेलाचा खर्च किलोमागे वाढला, तो त्यांनी भावात थोडा टाकला आणि दुकानात पाटी लावली. गिऱ्हाईक तुटलं नाही.

घरातल्या स्वयंपाकाला तुम्ही शेंगदाणा, जवस, करडई, सोयाबीन जे काही वापरत असाल ते चालू द्या. आपल्याकडची ती शेतं आज जंगल तोडून झालेली नाहीत. फक्त बाटलीवर "ब्लेंडेड" किंवा "मल्टी-सोर्स" असेल तर कोणती दोन तेलं आणि किती टक्के ते वाचा, तसं छापणं बंधनकारक आहे. मिश्रणात प्रत्येक तेल किमान वीस टक्के असावं लागतं, तेव्हा पामचं नाव दिसलं तर ते नाममात्र नसणार. सुटं तेल घेऊ नका. मी एकदा एका व्यापाऱ्याकडून घाण्याचं म्हणून शेंगदाणा तेल घेतलं होतं. साबणाचा घाणा नेहमीपेक्षा लवकर घट्ट झाला तेव्हा शंका आली. तपासलं तर आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे तेल ओळखायला प्रयोगशाळेत काढतात तो आकडा, सत्तरच्या आसपास. शुद्ध शेंगदाण्याची ८५ च्या वर हवी, पामोलिनची साठच्या आसपास असते. म्हणजे निम्म्याहून अधिक पामोलिन मला शेंगदाण्याच्या भावात मिळालं होतं. फ्रिजमध्ये ठेवून गोठतंय का बघा, असा सल्ला सगळीकडे फिरतो. त्यावर विसंबू नका, शुद्ध शेंगदाणा तेलही फ्रिजमध्ये घट्ट होतं. सीलबंद घ्या, किंवा ओळखीच्या लाकडी घाण्यावर समोर उभं राहून काढून घ्या.

बेकरीचं प्रकरण जास्त अवघड आहे. बिस्किटाला, खारीला घट्ट स्निग्ध पदार्थ लागतो, पातळ तेलाने ते काम होत नाही. पूर्वी हे काम डालडा करायचा. त्यात ट्रान्स फॅट होतं, जे हृदयाला घातक, म्हणून १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली. नियम योग्यच होता, पण त्या जागेवर सोपा पर्याय म्हणून पाम आणखी पक्का बसला. लेबलवर "इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट" असं लांबलचक नाव दिसलं तर बहुतेक वेळा ते पामच असतं. केकवरचं पांढरं क्रीम दुधाचं नसेल तर ते पामच्या बीच्या तेलाचं असण्याची शक्यता मोठी. "फ्रोझन डेझर्ट" आणि आइस्क्रीम यांत तर फरकच हा आहे, की पहिल्यात दुधाच्या सायीऐवजी वनस्पती स्निग्ध वापरतात. स्वस्त चॉकलेटच्या वड्यांचंही तसंच.

महालातल्या एका बेकरीसाठी मी नानकटाई कोंड्याच्या तेलात करून पाहिली. पहिल्या दिवशी ती ट्रेमध्ये पसरून पापडासारखी झाली. मग निम्मं साजूक तूप, निम्मं तेल, थोडं बेसन वाढवलं आणि पीठ रात्रभर गार ठेवलं, तेव्हा जमली. खारी मात्र मला पामशिवाय त्या भावात जमली नाही. लोण्यात करता येते, पण ती रोजच्या चहाची राहत नाही. तेव्हा घरी माझा नियम असा, की नानकटाई, शंकरपाळे, केक घरी किंवा तुपातले, आणि खारी-टोस्ट-क्रीमची बिस्किटं निम्म्यावर. पूर्ण बंद करायला मी तुम्हाला सांगणार नाही. घरात भांडणं होतात आणि महिनाभरात सगळं पूर्ववत होतं.

आता साबण, माझा स्वतःचा विषय. पूर्वी साबणात जनावरांची चरबी असायची. १९८३ मध्ये वनस्पती तुपातल्या भेसळीचा मोठा गदारोळ झाला, चरबीच्या आयातीवर बंदी आली आणि भारतीय साबण जवळजवळ संपूर्ण वनस्पती तेलावर गेला. म्हणून वडीवर "शंभर टक्के वनस्पतीजन्य" दिसलं की पामचं नाव शोधाच. ते "सोडियम पामेट" आणि "सोडियम पाम कर्नेलेट" असं लिहिलेलं असतं. "सोडियम कोकोएट" म्हणजे नारळ. बरेच छोटे कारखाने स्वतः तेल शिजवतही नाहीत. मलेशिया-इंडोनेशियाकडून सोप नूडल्स, म्हणजे तयार साबणाचे बारीक तुकडे, येतात, त्यांत रंग-सुगंध घालून वड्या पाडतात. मीही त्या कारखान्यात वर्षानुवर्षं हेच केलंय.

पामशिवाय साबण बनतो का? बनतो, पण नुसत्या खोबरेल-शेंगदाण्याचा करायला गेलात तर एक तर तो कातडी कोरडी पाडतो, नाहीतर पावसाळ्यात साबणदाणीत लगदा होतो. पाम वडीला जो कडकपणा देतो तो दुसरीकडून आणावा लागतो. मला तो मोहात सापडला. मोहाच्या बियांच्या तेलात पामितिक आणि स्टिअरिक ही तेलाला घट्ट करणारी ॲसिडं मिळून चाळीस टक्क्यांच्या वर असतात, हिवाळ्यात ते डब्यात लोण्यासारखं बसतं. गडचिरोली-गोंदियाकडे बायका जून-जुलैत या बिया वेचतात. त्यासाठी झाड उभंच ठेवावं लागतं. मोह, थोडं खोबरेल फेसासाठी, थोडं कोंड्याचं आणि पाच टक्के एरंडेल, असा माझा घाणा आहे. रंग पिवळट येतो, मोहाचा वास पहिले काही आठवडे राहतो. चार ते सहा आठवडे वाळवल्यावर वडी छान कडक होते, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये तर त्याआधीच. अशा वड्या बचत गटांकडे मिळतात, विचारून घ्या. मात्र "हर्बल" किंवा "हँडमेड" शब्दावर जाऊ नका. हाताने केलेल्या साबणातही पाम सर्रास असतो. मुलीला हवं असेल तर आठवड्यातले दोन-तीन दिवस बेसन, मसूर पीठ आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड असं उटणं लावू द्या. साली आपल्याकडे हिवाळ्यात हव्या तेवढ्या असतात.

प्रमाणित पामतेलाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो प्रश्न येणारच. आरएसपीओ नावाची संस्था २००४ मध्ये स्थापन झाली. ती २००८ पासून पामतेलाचं प्रमाणन करते, म्हणजे ते जंगल न तोडता पिकवल्याचा दाखला देते, आणि जगातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याचं तेल त्यात येतं. त्यात प्रकार आहेत आणि तिथे लोक फसतात. दुधाच्या संकलन केंद्राचं उदाहरण घ्या. एका गावाने चांगल्या चाऱ्यावरच्या गाईंचं शंभर लिटर दूध घातलं आणि ते टँकरमध्ये सगळ्यात मिसळलं. डेअरीने कागदावर मात्र शंभर लिटर चांगलं दूध म्हणून विकलं. हे "मास बॅलन्स". चांगल्या दुधाचा कॅन शेवटपर्यंत वेगळा ठेवला तर ते "सेग्रिगेटेड". पहिला प्रकार निरुपयोगी नाही, त्या गावाला पैसे मिळतात. पण तुमच्या हातातलं तेल कुठल्या बागेतलं हे त्यातून कळत नाही. प्रमाणित बागांबद्दलही तक्रारी झालेल्या आहेत. तरीही मी प्रमाणनाच्या बाजूने आहे, कारण इंडोनेशियातली जवळपास चाळीस टक्के लागवड छोट्या शेतकऱ्यांची आहे. जंगल न तोडता पिकवणाऱ्याला भाव मिळाला नाही तर तो तसं पिकवणार कशासाठी? जिथे पाम टाळता येत नाही, उदाहरणार्थ ती खारी, तिथे पुड्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा, तेल सेग्रिगेटेड आहे का मास बॅलन्स. हा शब्द वापरून विचारलं की समोरच्याला वरच्या कुणाला तरी विचारावं लागतं.

आणि भारतातच पिकवलेल्या पामचं काय? २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटींचं तेलताड अभियान सुरू केलं. त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर भर आहे. आंध्र-तेलंगणात जुन्या भातशेतीत तेलताड लावला तर पाणी खूप जातं, पण जंगल जात नाही. ईशान्येत डोंगरउतारावरचं जंगल काढून लावला तर आपणही बोर्निओचीच चूक करू. हुलॉक गिबन हा भारतातला एकमेव बिनशेपटीचा वानर तिथेच राहतो, आणि तोही झाडावरून झाडावर जाणारा. तेव्हा "स्वदेशी पाम" एवढ्या शब्दावर माझं समाधान होत नाही. कुठला, हे विचारावं लागतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, एका घराने फरक पडतो का. सरळ सांगते, पंचवीस किलोंचे दहा केले तर बाजाराला कळणार नाही. पण सक्करदऱ्याच्या त्या दादांना महिन्याला चाळीस डबे लागतात. ते वर्षाला सात हजार किलोंच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ तीनशे घरांचं. त्यांनी तेल बदललं ते माझ्या जमिनीच्या आकड्यांमुळे नाही. रोजच्या आठ-दहा गिऱ्हाइकांनी "कोणत्या तेलात तळता?" हे विचारायला सुरुवात केली होती म्हणून. मुलीची सगळी धडपड लेबलांवर चालली आहे, ती इकडे वळवा. शाळेची कँटीन, सोसायटीच्या गणपतीचा केटरर, तुमचा नेहमीचा फरसाणवाला. तिथे तिने नम्रपणे एकच प्रश्न विचारावा आणि दुसरं तेल वापरलं तर आम्ही थोडे जास्त पैसे देऊ, हे तुम्ही सोबत उभं राहून सांगावं. भाव परवडला नाही तर दुकानदार ऐकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

आणखी एक वस्तू मुलीच्या वहीत बहुधा नसेल. दिवाळीत "दिव्याचं तेल" म्हणून स्वस्त बाटल्या मिळतात, ज्यांवर खाण्यासाठी नाही असं लिहिलेलं असतं. त्यांत बऱ्याचदा पाम असतं. दिव्याला करंजाचं तेल घ्या. करंजाची झाडं नागपूरच्या रस्त्यांवर जागोजागी आहेत, तेल घाण्यावर मिळतं, थोडा उग्र वास येतो म्हणून दिवे अंगणात किंवा गॅलरीत ठेवा. वात जाड वळली तर ते संथ आणि बराच वेळ जळतं.